दोन भिंतींच्या मधली सांद

माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती आणि ती उघडायची नाही असा त्या घराचा नियम होता. उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत. त्या दोन भिंतींच्या मधल्या सांदीतून जो वास वर यायचा, तो एकदा नाकात शिरला की दिवसभर घास गिळवत नसे. मोरीचं पाणी, आंबलेला भात, चिखलानं भरलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या, मेलेले उंदीर, सगळं एकत्र. मी काही नाजूक नाही. ह्याच जागेवर लहानाची मोठी झाले, शेण काढलं, अंगण सारवलं, गुडघाभर चिखलात उभं राहून धानाचं रोवणं केलं. शेणाची नि चिखलाची मला कधी किळस आली नाही. मला किळस येते ती माणसांनी मुद्दाम मिस्त्री लावून, विटा रचून, वरून रंग मारून तयार केलेल्या घाणीची. आणि मग त्याच घाणीचा गृहप्रवेश म्हणून गावाला जेवण घालायचं!

बहिणीला मी बाई म्हणते. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. तिनं लग्न केलं नाही. अंगणवाडीत तिची उभी हयात गेली, आईवडिलांचं शेवटपर्यंत तिनंच केलं. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी धानाच्या ज्या बांध्यांना मिळतं त्यांच्या कडेला आमचं गाव, आणि गावाच्या एका अंगाला आमची बौद्धांची वस्ती. आईवडील गेल्यावर तिथं बाई एकटी राहिली. एकटी म्हणजे रात्री झोपण्यापुरती एकटी. दिवसा तिच्या घरात कोण कुठून येतं नि कुठून जातं ह्याचा पत्ता नसायचा.

कारण घरच तसं होतं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे सपरी, म्हणजे उघडी पडवी. सपरीत एक खाट कायमची टाकलेली. रस्त्यानं जाणारा माणूस थांबला की खाटेवर टेकायचा, पाणी मागायचा, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत घोटत गावाच्या बातम्या सांगायचा आणि उठून जायचा. मागच्या वाडीत कडुनिंब, आणि शेजारच्या वाडीशी आमच्या वाडीला जोडणारी एक बांबूची ताटी. ती ताटी बांधलेली मी कधी पाहिली नाही. नुसती टेकवून ठेवलेली असायची, कोंबड्या इकडच्या तिकडे जाऊ नयेत म्हणून. कोंबड्या जायच्याच.

ताटीच्या पलीकडे वहिनी. शेजारच्या भाऊंची बायको म्हणून आम्ही तिला वहिनी म्हणायचो. ती बाईच्याच वयाची. लग्न होऊन आली, आणि सासूच्या धाकातून सुटून ती जी ताटीतून आमच्याकडे यायला लागली ती जन्मभर येत राहिली. भाऊ वारले, तिचा मुलगा नागपूरला कंपनीत लागला, तरी सकाळचा काळा चहा दोघींचा एकत्रच. वहिनीची जीभ तिखट. बाई तिच्याहून तिखट. मी सुट्टीत गेले की दोघींची तोंडं ऐकून मला वाटायचं, ह्यांचं आता काही जमायचं नाही. पण दुपारी पाहावं तर एकीच्या केसांत दुसरीची फणी.

उन्हाळ्यात त्या दोघी तेंदूच्या पानांना जायच्या. बाई अंगणवाडीतून निवृत्त झाली, गाठीला पैसे होते, तिला त्याची गरजही नव्हती, पण ती जायची. पहाटे बायांच्या घोळक्यात जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून गाठोडं डोक्यावर घेऊन परतायचं आणि मग कडुनिंबाखाली बसून पुडे बांधायचे. पान ताजं असतानाच पुडा बांधला पाहिजे, नाहीतर ते वाळून चिरतं आणि फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात त्या ठिकाणी, ठेकेदाराचा मुन्शी ते बाजूला फेकतो. एकटीच्या हातानं एवढं उरकत नाही. म्हणून आधी एकीचं गाठोडं सोडायचं, दोघींनी बांधायचं, मग दुसरीचं. शेजारपाजारच्या बायाही येऊन बसायच्या. आमच्या वाडीत मे महिन्याची दुपार म्हणजे हिरव्या पानांचा वास आणि सगळ्या वस्तीची उणीदुणी. मी तिथं गेले की मला गाढ झोप लागायची. लग्नानंतर मी गोंदियात राहते, तिथं तशी झोप मला कधी लागली नाही.

मग सरकारी घरकुलं आली. आधी वहिनीला मंजूर झालं, पाठोपाठ बाईनं स्वतःच्या साठवलेल्या पैशातून काम काढलं. चांगलीच गोष्ट. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात म्हातारपण काढावं असं कोण म्हणेल? पण आमच्या लोकांना पक्कं घर म्हटलं की आधी काय पाडायचं असतं, तर सपरी. सपरी गेली, तिथं लोखंडी गेट आलं, त्याला पूर्ण पत्रा मारलेला, बाहेरचं आत दिसू नये नि आतलं बाहेर. कडुनिंब तोडला, कारण तिथं संडासाची टाकी यायची होती. आणि दोन घरांच्या मधल्या भिंतीचा प्रश्न आला तेव्हा मिस्त्री शहाणपणा सांगायला पुढे झाला.

"सामाईक भीत ठेवू नका बाई," तो म्हणाला. "आज तुमचं जमून राहिलं. उद्या वारसदार भांडतीन."

वहिनीच्या मुलानं नागपूरहून फोनवर तेच सांगितलं. आपली भिंत आपल्या जागेत. गावात त्या वर्षी सगळ्यांनी असंच केलं. प्रत्येकानं आपापल्या हद्दीच्या थोडं आत भिंत घेतली, पलीकडच्यानं बोट दाखवू नये म्हणून. त्यामुळे दर दोन घरांच्या मध्ये एक अशी जागा तयार झाली जी कुणाचीच नाही. आमच्या वस्तीत अशा सांदी घरागणिक आहेत. बाई नि वहिनीच्या मधली सांद इतकी चिंचोळी की आत शिरायचं तर आडवं सरकत जावं लागेल. बरं, शिरणार कुठून? रस्त्याच्या बाजूनं ती वाईट दिसते म्हणून विटांनी बुजवली. मागून दोन्ही घरांच्या संडासाच्या टाक्या आड आलेल्या. वर उघडी, चारी बाजूंनी बंद. वरून टाकता येतं, काढता येत नाही.

आणि लोक टाकतात. वहिनीच्या मोरीचा पाइप त्यात सोडलेला, बाईच्या ओट्याचं पाणी त्यात. स्लॅबवरून वाऱ्यानं उडालेल्या पन्न्या त्यात. कोण दुधाची पिशवी भिरकावतं, कोण शिळा भात, कोण काय. पुढचा रस्ताही दर वेळी जुन्यावर नवा ओतून इतका उंच केलाय की पावसाचं पाणी नालीत जायच्या ऐवजी घरांकडे वळतं आणि झिरपून त्याच सांदीत साचतं. एका पावसाळ्यातच बाईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला काळे फुगे आले. बाई म्हणाली पाणी वहिनीच्या पाइपाचं. वहिनी म्हणाली बाईच्या ओट्याचं. हे भांडण दोघी आपापल्या गेटात उभ्या राहून करत होत्या, आणि गेटात उभं राहून भांडलं की ते सगळ्या वस्तीला ऐकू जातं. वाडीत बसून भांडल्या असत्या तर दुपारपर्यंत मिटलं असतं. रस्त्यावर झालं म्हणून ते मानापानावर गेलं. बोलणं बंद झालं.

त्यानंतर बाईचं जे झालं ते मी शनिवार-रविवारी जाऊन पाहत होते. आधी तिचं बोलणं आखडलं. मग जेवण. एक भात करायची नि दोन दिवस तोच खायची. गेटाला आतून कुलूप लावून बसायची, कारण भीती वाटते म्हणायची. जिच्या घराला उभ्या जन्मात कडी नव्हती, तिला आता पक्क्या घरात, पत्र्याच्या गेटाआड भीती वाटायला लागली! मी गोंदियाला नेऊन डॉक्टरला दाखवलं. तपासण्या झाल्या, सगळं नीट निघालं.

"मले काही झालं नाही व," बाई म्हणाली. "नुसतं बरं नाही वाटून राहिलं."

विहारात पौर्णिमेच्या वंदनेला ती जायची, पण तिथंही दोघी सभागृहाच्या दोन टोकांना. नवं विहार बांधलंय, चकचकीत फरशीचं, त्यालाही कुलूप. जुन्या विहाराच्या ओट्यावर बाया संध्याकाळी धान निवडत बसायच्या. आता वंदना संपली की दार लागतं, फरशी खराब होते म्हणून. पायांनी फरशी खराब होते, असल्या फरशीवर मी थुंकणारही नाही.

मी तिला माझ्याकडे आणलं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. आमच्या जिन्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण बोलायला लागले की जेवण राहून जातं. प्रत्येक वळणावरचा कोपरा खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी लाल-काळा. सोसायटीनं म्हणून तिथं सगळ्या धर्मांच्या देवांची चित्रं असलेल्या टाइल्स लावल्या, निदान देवावर तरी कोणी थुंकणार नाही. आता देव स्वच्छ आहेत आणि लोक त्यांच्या जरा बाजूला थुंकतात. माणसानं देवाशी इतका नेमका व्यवहार केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्या जिन्यात बाई जाऊन बसायची. मी ऑफिसला गेले की दार उघडून पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत. कोणीतरी बोलेल म्हणून. माझा नवरा म्हणाला, टीव्ही लावून दे. लावून दिला. टीव्ही आत चालू आणि बाई पायरीवर. शेवटी वरच्या मजल्यावरची एक जण तिला म्हणाली, "आंटीजी, यहाँ मत बैठिए, आने-जाने में दिक्कत होती है." तिचं चुकलं असं नाही, जिना खरोखरच अरुंद आहे. पण मला ती बया अजून डोक्यात जाते. बाईनं त्या दिवशी मला एवढंच विचारलं, की तुझ्या दारासमोर कोण राहते? मी एक आडनाव सांगितलं. ते आडनाव जुन्या भाडेकरूचं होतं हे मला नंतर कळलं. बाईला मी गावी सोडून आले.

ह्या वर्षी मे महिन्यात मी चार दिवस रजा काढून गेले, ते ठरवूनच. बाईला घर विकायला लावायचं आणि कायमची गोंदियाला आणायची. ती खंगली होती. एकटीला तिथं ठेवणं मला बरोबर वाटेना, आणि फ्लॅटमध्ये ती कोमेजून जाईल हेही मला दिसत होतं. पण एक तरी माणूस तिच्या जवळ असेल, असा माझा हिशेब. मी गेले त्या दिवशी ती पानांना गेली होती. तेवढं तिनं सोडलं नव्हतं. गाठोडं घेऊन आली, आणि कडुनिंब नाही, वाडी नाही, म्हणून घरातल्या फरशीवर बसून पानं पसरली. मी बांधू लागले, पण माझा हात बसलेला नाही. उकडतं म्हणून तिनं पंखा लावला. पानं पंख्याखाली बघता बघता कडक झाली, आणि कडांना चिरली.

संध्याकाळी फळीवर मुन्शीनं पुडा उचलला, कुस्करला आणि म्हणाला, "हे पान होय का चिवडा होय?" टाकाऊ पानांच्या ढिगावर फेकून दिला. त्याच ढिगावर आधीच एक गाठोडं पडलेलं होतं, तसंच पंख्याखाली वाळलेलं. ते वहिनीचं. ती पलीकडे उभी होती. दोघींनी एकमेकींच्या पानांकडे पाहिलं. एकमेकींकडे नाही. घरी आल्यावर बाई म्हणाली, आता जात नाही मी पानाले. आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशीपासून नवा वास सुरू झाला. सांदीचा रोजचा वास मला ओळखीचा झाला होता, हा वेगळा होता, गोडसर, घशात चिकटणारा. स्लॅबवर जाऊन मी खाली टॉर्च मारला. पन्न्यांच्या थरावर एक घूस मरून पडलेली. मांजराएवढी, फुगलेली, आणि अंगावर अळ्यांची हालचाल. मी तिथंच स्लॅबवर ओकले. मला त्या घुशीचा राग नव्हता. ती बिचारी आत पडली आणि तिला बाहेर यायला वाट सापडली नाही. मला राग आला तो आपल्या अकलेचा, सगळ्या गावाच्या अकलेचा. एवढा खटाटोप केला तो स्वच्छ राहायला, सुखानं राहायला, आणि मिळालं काय तर हे, उशाशी.

अगरबत्त्या लावल्या. फिनाइल ओतलं. वरून बांबू घालून पाहिला, तो पोचेना. खिडकीला गज, त्यातून हात जाईना. वास वाढत गेला. बाई जेवेना. पडून राही, गेटाचं कुलूप उघडेना, मला दुकानात जायचं तर किल्ली हातात द्यायची आणि परत आले की लगेच मागायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसून विषय काढला.

"बाई, हे घर विकून टाकू. तू माझ्याकडे राहा."

"तुया घरी?" ती म्हणाली. "पायरीवर?"

ती उठली, मोरीच्या मागून पहारीसारखी लोखंडी सबल काढली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याच्या बाजूला, फुगे आलेल्या भिंतीवर तिनं पहिला घाव घातला. मी धावत गेले. काय करून राहिली बाई, म्हणून ओरडले. ती म्हणाली, "ते काढाले दुसरा रस्ता हाये काय?" नव्हता. खरंच नव्हता. एवढं मोठं पक्कं घर, आणि मेलेली घूस बाहेर काढायची तर ते फोडण्यावाचून उपाय नाही.

भिंत ओलीनं पोखरलेली होती. चार विटा सुटल्या आणि मग भसकन सगळी घाण आत आली. काळं पाणी, पन्न्या, भाताचा चिकट गोळा झालेला थर. फरशीवर पसरलं. मी नाकातोंडाला पदर बांधला. बाईनं पदरही बांधला नाही. गुडघ्यावर बसून घमेल्यात ओढत राहिली, आणि मी घमेली भरून मागच्या उकिरड्यावर नेत होते. मध्येच तिला दम लागला. सत्तरीकडे आलेलं माणूस, दिवसभरात दोन घास पोटात नाहीत. मी म्हटलं, थांब, कोणाला तरी बोलावते. ती थांबेना.

तेवढ्यात गेट वाजलं. वाजलं म्हणजे कोणी हातानं बडवत होतं. मी जाऊन कुलूप काढलं. वहिनी. केस सुटलेले, पायात चप्पल नाही. मला बाजूला सारून ती सरळ आत शिरली, स्वयंपाकघराच्या दारात थबकली आणि चिखलात बसलेल्या बाईकडे पाहत राहिली.

"जित्ती हायेस," ती म्हणाली.

"मंग काय मेली?" बाई म्हणाली.

"वास येऊन राहिला दोन दिवसापासून." वहिनीचा आवाज फाटला. "मले वाटलं तूच मेली. गेटाशी येऊन गेली मी, कुलूप होतं. म्हटलं बहिणीसंगं गोंदियाले गेली असन. मंग रातभर वास. म्हटलं, बहीण एकटीच गेली अन् तू आतून कुलूप लावून पडली तर कोनाले समजन? आता ठोकल्याचा आवाज आला तवा जीवात जीव आला."

"मंग हाक काऊन नाही मारली?"

"मारली. भितीले तोंड लावून मारली. दोन भितीतून ऐकू जाते काय?"

बाईचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला आणि मला वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. वहिनीनं साडीचा ओचा खोचला, बाईला ढकलून भोकापाशी बसली नि म्हणाली, "सरक. एकटीच्यानं होत नाही ते." घूस तिनंच काढली, शेपटीला धरून, तोंडानं बाईला शिव्या देत. त्या शिव्या मी इथं लिहीत नाही. बाई परतून देत होती. घाण उपसून होईस्तोवर दोघींच्या अंगाला इतका वास येत होता की मी वाडीत, म्हणजे आता जे टाकीवरचं सिमेंट आहे त्यावर, जाऊन उभी राहिले.

भोकातून आता वहिनीच्या घराची भिंत दिसत होती, आतून तिला गुलाबी टाइल लावलेली, बाहेरून नुसत्या विटा. बाईनं सबल वहिनीपुढे सरकवली.

"तुयी कवा फोडतं?"

"पोरानं टाइल लावली ना व," वहिनी म्हणाली. "आता दिवाळीलेच लावली."

बाईनं सबल आणखी पुढे सरकवली. वहिनी उठली, सबल उचलून गेटातून बाहेर पडली, रस्त्यानं वळसा घालून आपल्या गेटातून आत गेली. मग पलीकडून ठोका पडला. दुसरा पडला. विटेची भुकटी उडाली आणि गुलाबी टाइलचा तुकडा सांदीत पडला.

"हळू व," बाई भोकात तोंड घालून ओरडली, "पायावर घेशीन!"

"तू गप," पलीकडून आवाज आला. आता तो स्पष्ट ऐकू येत होता.

मी घर विकायचा विषय परत काढला नाही. नुकत्याच साफ केलेल्या सांदीत विटा, प्लास्टर, टाइलचे तुकडे भराभर पडत होते, सगळा पसारा पुन्हा पहिल्यासारखा. मी पदर नाकाला घट्ट बांधला आणि घमेलं घेऊन खाली बसले.